संगीतविश्वातील सर्वाधिक कमाईचे दौरे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकी गायिका टेलर स्विफ्टचा 'एराज टूर' संपला तेव्हापासून, आणि कोल्डप्ले हा ब्रिटिश वृंद नवी मुंबईत येऊन गेल्यावर तर अधिकच, या विषयावरचे प्रश्न वाचकांकडून सतत येत आहेत. त्यांतील जे पुन्हा पुन्हा विचारले गेले, ते येथे साध्यापासून अवघडापर्यंत या क्रमाने घेतले आहेत. रकमा डॉलरमध्येच ठेवल्या आहेत, कारण रुपयाचा दर दरवर्षी बदलतो आणि तुलना फसते. वृत्तपत्रांत 'एक अब्ज डॉलर' असे लिहिले जाते, ते आपले १०० कोटी डॉलर.

१. आजवर सर्वाधिक कमाई करणारा दौरा कोणता?

टेलर स्विफ्टचा 'एराज टूर'. १७ मार्च २०२३ रोजी अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात ग्लेंडेल येथे तो सुरू झाला आणि ८ डिसेंबर २०२४ रोजी कॅनडातील व्हँकुव्हर येथे संपला. पाच खंडांतील ५१ शहरांत मिळून १४९ कार्यक्रम झाले, १ कोटी १ लाखाहून अधिक तिकिटे खपली आणि गल्ला २०७ कोटी ७६ लाख डॉलर इतका जमला. त्या वेळच्या दराने ही रक्कम साडेसतरा हजार कोटी रुपयांहून अधिक होते. १०० कोटी डॉलरचा टप्पा ओलांडणारा हा इतिहासातील पहिलाच दौरा होता आणि तो टप्पा त्याने २०२३ साल संपण्यापूर्वीच गाठला होता.

२. त्याच्या खालोखाल कोण आहे?

कोल्डप्लेचा 'म्युझिक ऑफ द स्फिअर्स' हा दौरा. मार्च २०२२ मध्ये कोस्टा रिकातील सान होसे येथून निघून तो सप्टेंबर २०२५ मध्ये लंडनच्या वेम्बली मैदानावर येऊन थांबला. त्याची कमाई सुमारे १५० कोटी डॉलर आणि तिकिटे सुमारे १ कोटी ३० लाख. म्हणजे पैशांत दुसरा असलेला हा दौरा तिकिटांच्या संख्येत पहिल्याला मागे टाकतो. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण सहाव्या प्रश्नाचे उत्तर तिच्यावरच उभे आहे. द वीकेंड या गायकाच्या 'आफ्टर अवर्स टिल डॉन' या दौऱ्यानेही २०२५ मध्ये १०० कोटी डॉलरची रेषा ओलांडली. त्यानंतर ९३ कोटी ९१ लाख डॉलर मिळवलेला एल्टन जॉनचा निरोपाचा दौरा येतो.

३. 'कमाई' म्हणजे नेमके काय? हे सगळे पैसे गायकाला मिळतात का?

नाही, आणि सर्वाधिक गैरसमज याच ठिकाणी होतो. या याद्यांतील आकडा हा तिकिटांवर छापलेल्या किमतीने झालेल्या विक्रीची बेरीज असतो, खर्च वजा करण्यापूर्वीची. नाटकाच्या प्रयोगानंतर तिकीटखिडकीवर जो गल्ला मोजला जातो, तोच हा. मैदानाचे भाडे, मंच, ध्वनी, प्रकाश, शेकडो कामगारांचे पगार, ट्रक आणि विमाने, विमा, सुरक्षा हे सारे त्यातूनच भागवावे लागते.

उरलेल्या रकमेची वाटणी कराराप्रमाणे होते. १९७० च्या दशकाच्या आसपासपर्यंत आयोजकाचा वाटा बराच मोठा असे. लेड झेपेलिन या वृंदाचे व्यवस्थापक पीटर ग्रँट यांनी शंभरातले नव्वद कलाकाराचे आणि दहा आयोजकाचे, अशी अट घालायला सुरुवात केली आणि मोठ्या नावांसाठी पुढे तीच रीत पडली. दुसरा मोठा बदल १९८९ चा. रोलिंग स्टोन्सच्या 'स्टील व्हील्स' दौऱ्यासाठी टोरांटोचे आयोजक मायकल कोल यांनी एकेका शहराचा कार्यक्रम न घेता संपूर्ण दौराच विकत घेतला आणि कलाकारांना मोठ्या रकमेची हमी दिली. मराठी नाटकाचा प्रयोग ठेकेदार ठरावीक रक्कम देऊन 'कॉन्ट्रॅक्ट'वर घेतो, तेव्हा नफ्यातोट्याचा भार जसा त्याच्या डोक्यावर जातो, तसाच हा व्यवहार, फक्त शेकडो पटींनी मोठा. आजचे जागतिक दौरे मुख्यतः याच पद्धतीने चालतात आणि म्हणूनच एखाद्या प्रचंड गल्ल्यातून कलाकाराला किती उरले, हे त्या गल्ल्याच्या आकड्यावरून सांगता येत नाही.

४. हे आकडे कोण गोळा करते? त्यांवर विश्वास ठेवावा का?

मुख्यतः दोन ठिकाणी ते जमा होतात : 'बिलबोर्ड' या अमेरिकी नियतकालिकाची 'बॉक्सस्कोअर' ही नोंद आणि 'पोलस्टार' हे याच व्यवसायाला वाहिलेले नियतकालिक. दोघांकडेही आकडे आयोजक किंवा कलाकारांचे व्यवस्थापक स्वतःहून पाठवतात. ते पाठवण्याची कोणावरही सक्ती नाही. 'एराज टूर' चालू असताना त्याचे आकडे 'बॉक्सस्कोअर'कडे दिलेच जात नव्हते. त्यामुळे दौरा संपेपर्यंत छापून आलेल्या रकमा अंदाज होत्या आणि पहिल्या प्रश्नातील आकडा डिसेंबर २०२४ मध्ये स्विफ्ट यांच्याच कंपनीने जाहीर केलेला आहे. तो खोटा मानण्याचे कारण नाही. मात्र शहरवार नोंदींची बेरीज आणि एकरकमी जाहीर केलेला आकडा यांतला फरक वाचकाने ध्यानात ठेवावा.

५. 'एराज'पूर्वी विक्रम कोणाचा होता?

सुरुवात दूरवरून करावी लागेल. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्स गायले, तेव्हा सुमारे ५५,६०० श्रोते होते आणि गल्ला ३ लाख ४ हजार डॉलरचा झाला. एका रात्रीत इतके पैसे जमू शकतात, हे त्या दिवशी प्रथमच दिसले आणि क्रीडामैदान हे संगीताचेही ठिकाण होऊन बसले.

या शतकातील विक्रमांची साखळी अशी आहे. रोलिंग स्टोन्सचा 'अ बिगर बँग' (२००५ ते २००७) ५५ कोटी ८३ लाख डॉलरवर थांबला. एप्रिल २०११ मध्ये ब्राझीलमधील साओ पावलो येथे यू-टू या आयरिश वृंदाच्या '३६० डिग्री' दौऱ्याने त्याला मागे टाकले आणि अखेरीस ७३ कोटी ६४ लाखांपर्यंत मजल मारली. हा विक्रम आठ वर्षे टिकला. ऑगस्ट २०१९ मध्ये जर्मनीतील हॅनोव्हर येथे ब्रिटिश गायक एड शीरनच्या 'डिव्हाइड' दौऱ्याने तो मोडला आणि ७७ कोटी ६२ लाखांवर दौरा संपवला. जानेवारी २०२३ मध्ये एल्टन जॉन त्याच्याही पुढे गेले. त्यांच्या हाती विक्रम वर्षभरही राहिला नाही.

६. शीरनचे कार्यक्रम २५५, यू-टूचे ११०, स्विफ्टचे १४९. मग मोठा दौरा कोणता मानायचा?

प्रश्न योग्य आहे, आणि माझ्या मते या विषयातला सर्वांत महत्त्वाचाही. एकूण कमाईचा आकडा तीन गोष्टींच्या गुणाकारातून तयार होतो : कार्यक्रम किती, प्रत्येकाला श्रोते किती आणि तिकिटाची किंमत किती. तिन्ही सुट्या करून पाहिल्या की चित्र पार बदलते.

'डिव्हाइड'ची सुमारे ८९ लाख तिकिटे खपली, म्हणजे सरासरी किंमत ८७ डॉलर. '३६० डिग्री'ची ७२ लाख ७२ हजार, सरासरी १०१ डॉलर. 'एराज'ची सरासरी २०४ डॉलर. म्हणजे शीरनच्या दौऱ्याहून स्विफ्टच्या दौऱ्याला श्रोते थोडेच अधिक होते, मात्र प्रत्येकाने सरासरी सव्वादोन पटींहून जास्त पैसे मोजले. आता दर कार्यक्रमाची कमाई पाहा. एल्टन जॉनने ३३० कार्यक्रम केले आणि एकेकातून सरासरी २८ लाख डॉलर आले. शीरनचे ३० लाख, यू-टूचे ६७ लाख. बियॉन्सेने २०२३ च्या 'रेनेसान्स' दौऱ्यात अवघे ५६ कार्यक्रम करून ५७ कोटी ९८ लाख डॉलर मिळवले, म्हणजे दर कार्यक्रमाला १ कोटीच्या वर. स्विफ्टचे जवळपास १ कोटी ४० लाख.

खर्चाची बाजूही घ्यायला हवी. शीरन तेव्हा मंचावर एकटा उभा राहत असे. हातात गिटार आणि पायाशी लूप पेडल, ज्यावर तो आपल्याच वादनाचे थर एकावर एक चढवत जाई. यू-टूने मैदानाच्या मधोमध चार पायांचा, सुमारे ५० मीटर उंचीचा अजस्र सांगाडा उभा केला होता. त्याला 'द क्लॉ', म्हणजे पंजा, असे नाव पडले. मंच मधोमध आल्याने चहूबाजूंनी आसने विकता आली आणि एरवी मंचामागे वाया जाणारा मैदानाचा भागही भरला. कमाई वाढण्याचे ते एक मोठे कारण होते. पण असा सांगाडा एका शहरात उतरवून दुसऱ्या शहरात चढवायला कित्येक दिवस लागतात, म्हणून त्यांनी तीन सांगाडे बनवून घेतले होते : एक वापरात असताना दुसरा उभारला जाई आणि तिसरा वाटेत असे. दोन्ही दौऱ्यांचा गल्ला जवळपास सारखा असला, तरी मागे उरलेली रक्कम सारखी असण्याची शक्यता फार कमी आहे. केवळ एकूण आकड्यावरून लावलेला क्रम यांतले काहीच सांगत नाही.

७. महागाई धरली तर यादी बदलेल का?

क्रमांक एकचा बदलणार नाही, मधले बदलतील. अमेरिकेतील ग्राहक किंमत निर्देशांक २०११ ते २०२४ या काळात सुमारे ४० टक्क्यांनी वाढला. त्या हिशेबाने यू-टूचे ७३ कोटी ६४ लाख डॉलर २०२४ च्या किमतीत १०० कोटींच्या थोडे वर जातात आणि एल्टन जॉनच्या रकमेच्या पंगतीत बसतात. रोलिंग स्टोन्सचे २००७ पर्यंतचे ५५ कोटी ८३ लाख साधारण ८४ कोटींच्या आसपास येतात. बातम्यांत हे रूपांतर क्वचितच केलेले असते.

८. मायकल जॅक्सन एवढा लोकप्रिय होता, मग त्याचे नाव वरच्या यादीत का नाही?

कारण त्याच्या काळी तिकिटे स्वस्त होती. सप्टेंबर १९९६ मध्ये प्राग येथे सुरू झालेल्या आणि ऑक्टोबर १९९७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे संपलेल्या 'हिस्टरी' दौऱ्यात ८२ कार्यक्रम झाले, सुमारे ४५ लाख लोक आले आणि कमाई मात्र साडेसोळा कोटी डॉलरच्या घरात राहिली. सरासरी काढली तर माणशी छत्तीस-सदतीस डॉलर पडतात. दर कार्यक्रमाला पन्नास हजारांहून अधिक श्रोते हे प्रमाण आजच्या कोणत्याही दौऱ्याच्या तोडीचे आहे.

याच दौऱ्यातील १ नोव्हेंबर १९९६ चा कार्यक्रम मुंबईत अंधेरीच्या क्रीडासंकुलात झाला होता. शिव उद्योग सेनेसाठी झालेल्या त्या कार्यक्रमाला राज्य सरकारने करमणूक कर माफ केला, मुंबई ग्राहक पंचायतीने त्याला न्यायालयात आव्हान दिले आणि तो वाद पुढे अनेक वर्षे चालला. त्या रात्री अंधेरीत असलेल्यांना वरची यादी अपुरी वाटणे मला तरी अगदी रास्त वाटते.

९. मग तिकिटे इतकी महाग का झाली?

जुन्या काळी दौरा हा ध्वनिमुद्रिका विकण्यासाठी काढला जाई. मुद्रिकेतून पैसा येत असे आणि दौरा ही तिची जाहिरात असे. या शतकाच्या सुरुवातीला इंटरनेटवर गाणी फुकट फिरू लागली, सीडीचा खप कोसळला, पुढे मासिक वर्गणीवर हवी तेवढी गाणी ऐकण्याची सोय झाली, आणि कलाकाराच्या उत्पन्नाचा मुख्य आधार प्रत्यक्ष कार्यक्रम हाच उरला. ध्वनिमुद्रणाची नक्कल करता येते, मैदानातल्या रात्रीची करता येत नाही, त्यामुळे सारी मागणी तिकिटावर येऊन आदळली.

त्यात भर पडली ती मागणीनुसार चढणाऱ्या किमतींची. विमानाच्या तिकिटाप्रमाणे येथेही गर्दी वाढली की दर वाढतो. २०२४ मध्ये ओअ‍ॅसिस या वृंदाच्या पुनर्मीलनाची तिकिटे विक्रीला आली, तेव्हा तासन्‌तास रांगेत थांबलेल्या ब्रिटिश रसिकांपुढे शेवटी अपेक्षेहून कितीतरी चढी किंमत आली आणि तेथील स्पर्धा नियामकाने त्याची चौकशी केली. स्विफ्ट यांनी अमेरिकेत ही पद्धत वापरली नाही. तेथे 'एराज'ची साधी तिकिटे ४९ ते ४४९ डॉलर या ठरलेल्या दरांत होती. त्यांचा विक्रम दर चढवत नेऊन झालेला नाही, ही गोष्ट मी त्यांच्या बाजूने आवर्जून नोंदवतो.

१०. काळ्या बाजारात लाखांना विकलेली तिकिटे या कमाईत धरतात का?

धरत नाहीत. नोंद होते ती पहिल्या विक्रीच्या मूळ किमतीची. कोल्डप्लेच्या नवी मुंबईतील कार्यक्रमांची तिकिटे २२ सप्टेंबर २०२४ रोजी खुली झाली. त्यांचे मूळ दर २,५०० ते ३५,००० रुपये होते आणि काही वेळातच तीच तिकिटे लाखांच्या घरात मागितली जाऊ लागली. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेनेही त्यात लक्ष घातले. त्या वरच्या पैशातला एक रुपयाही कलाकाराला मिळत नाही आणि दौऱ्याच्या आकड्यातही येत नाही. रसिकाच्या खिशातून गेलेली खरी रक्कम म्हणूनच अधिकृत कमाईपेक्षा नेहमी जास्त असते.

११. महाराष्ट्रातील कोणते कार्यक्रम या विक्रमी दौऱ्यांचा भाग होते?

येथे बरीच सरमिसळ होते. कोल्डप्लेचे १८, १९ आणि २१ जानेवारी २०२५ चे नवी मुंबईतील डी. वाय. पाटील मैदानावरचे तीन कार्यक्रम 'म्युझिक ऑफ द स्फिअर्स'चे होते, म्हणून ते दुसऱ्या क्रमांकाच्या हिशेबात येतात. वृंदाचे गायक ख्रिस मार्टिन यांनी तेथे मराठीतून काही वाक्ये बोलून श्रोत्यांचे स्वागत केले होते. त्याच दौऱ्यात २५ आणि २६ जानेवारीला अहमदाबादच्या नरेंद्र मोदी मैदानावर एकेका रात्री लाखाहून अधिक श्रोते जमले आणि त्यासाठी पश्चिम रेल्वेला मुंबईहून विशेष गाड्या सोडाव्या लागल्या. मात्र कोल्डप्लेचा नोव्हेंबर २०१६ मधील वांद्रे-कुर्ला संकुलातला कार्यक्रम 'ग्लोबल सिटिझन' महोत्सवातला होता. तो कोणत्याही दौऱ्याच्या कमाईत नाही.

शीरनचा १९ नोव्हेंबर २०१७ चा मुंबईतील कार्यक्रम 'डिव्हाइड'चाच होता. महालक्ष्मी रेसकोर्सवरचा मार्च २०२४ चा आणि पुण्यातला ३० जानेवारी २०२५ चा हे त्यानंतरच्या दौऱ्याचे. यू-टू १५ डिसेंबर २०१९ रोजी नवी मुंबईत आले, ते 'द जोशुआ ट्री' दौऱ्यात. '३६० डिग्री' भारतात आलाच नाही. रोलिंग स्टोन्स एप्रिल २००३ मध्ये ब्रेबॉर्न मैदानावर वाजवून गेले, तोही 'अ बिगर बँग'च्या आधीचा दौरा. 'एराज टूर' भारतात आला नाही. आपल्याला सर्वांत जवळ पडत होते ते सिंगापूर, जेथे मार्च २०२४ मध्ये सहा रात्री कार्यक्रम झाले.

१२. रद्द झालेल्या किंवा पुढे ढकललेल्या कार्यक्रमांचे काय होते?

रद्द झालेल्या कार्यक्रमाचे पैसे परत दिले जातात, म्हणून तो कोठेच मोजला जात नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये व्हिएन्ना येथे दहशतवादी हल्ल्याचा कट उघडकीस आल्याने 'एराज'चे तीन कार्यक्रम रद्द झाले. वर दिलेल्या १४९ मध्ये ते नाहीत. पुढे ढकललेला कार्यक्रम मात्र प्रत्यक्ष होईल तेव्हा मोजला जातो. मे २०१० मध्ये यू-टूचे गायक बोनो यांच्या पाठीला दुखापत होऊन म्यूनिक येथे शस्त्रक्रिया करावी लागली आणि '३६० डिग्री'चा अमेरिकेतील टप्पा वर्षभर लांबला. एल्टन जॉन यांचा २०१८ मध्ये सुरू झालेला निरोपाचा दौरा करोनामुळे मार्च २०२० मध्ये थांबला, जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाला आणि ८ जुलै २०२३ रोजी स्टॉकहोम येथे संपला. कोल्डप्लेला तर लंडनच्या भुयारी रेल्वेच्या संपामुळे शेवटच्या दोन तारखा बदलाव्या लागल्या.

१३. दौरा कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, हे कोण ठरवते?

कलाकारच. त्यासाठी कोणताही बाहेरचा नियम नाही आणि या याद्यांतला सर्वांत मोठा कच्चा दुवा मला तोच वाटतो. त्याच गाण्यांचे, त्याच मंचाचे कार्यक्रम पाच वर्षे एका नावाखाली चालवले तर एक दौरा होतो. मध्ये नाव बदलले तर दोन होतात आणि दोन्ही यादीत खाली घसरतात. बॉब डिलन १९८८ पासून जवळपास अखंड फिरत आहेत आणि रसिक त्याला 'नेव्हर एंडिंग टूर' म्हणतात. तो एकच दौरा मानला, तर बाकीच्यांशी तुलनेला अर्थच राहत नाही.

१४. लास व्हेगासमधील कार्यक्रम धरतात का?

एकाच सभागृहात महिनोन्‌महिने चालणाऱ्या कार्यक्रमांना 'रेसिडेन्सी' म्हणतात आणि त्यांची यादी वेगळी केली जाते. सेलीन डिऑन यांनी २००३ ते २००७ या काळात तेथे सातशेहून अधिक कार्यक्रम केले. यू-टूचे २०२३-२४ मधील स्फिअर सभागृहातले ४० कार्यक्रमही याच प्रकारातले. याच्या उलट, एखादा वृंद जगभर फिरताना वेम्बलीवर सलग दहा रात्री थांबला, तर ते दहाही कार्यक्रम दौऱ्यातच मोजले जातात.

१५. दौऱ्यावर काढलेल्या चित्रपटाचे आणि टी-शर्टांचे पैसे?

दोन्ही वगळले जातात. ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'एराज'च्या चित्रपटाने जगभरात २६ कोटी डॉलरच्या आसपास मिळवले, पण ती चित्रपटगृहांची कमाई. पहिल्या प्रश्नातील रकमेत ती मिळवू नये.

१६. विनामूल्य कार्यक्रम कसा मोजतात?

श्रोत्यांच्या नोंदीत त्याचा उल्लेख होतो, कमाईत तो शून्य असतो. १८ फेब्रुवारी २००६ रोजी रिओ द जानेरोच्या कोपाकबाना किनाऱ्यावर रोलिंग स्टोन्सला ऐकायला दहा लाखांहून अधिक लोक आल्याचा अंदाज होता. हा कार्यक्रम 'अ बिगर बँग'चाच, पण ५५ कोटी ८३ लाखांत त्याच्या तिकिटाचा एक डॉलरही नाही. मॅडोना यांनी आपल्या 'सेलिब्रेशन' दौऱ्याची सांगता ४ मे २०२४ रोजी त्याच किनाऱ्यावर केली. स्थानिक प्रशासनाच्या अंदाजाप्रमाणे तेथे सोळा लाख माणसे होती, म्हणजे संपूर्ण 'एराज टूर'च्या २१ महिन्यांतील श्रोत्यांच्या साधारण सहाव्या हिश्श्याइतकी, तीही एका रात्रीत, आणि 'सेलिब्रेशन'च्या कमाईत त्या रात्रीपुढे मांडलेला आकडा आहे ०.